आमोशेला लागणारा दिवा

वैनी गाडी घेऊन गॅरेजच्या दारात आली तेव्हा मी एका जुन्या जीपच्या डॅशबोर्डखाली डोकं घालून उताणा पडलो होतो. बाहेर इंजिनचा आवाज आला आणि मी हातातली वायर सोडली. इंजिनचा आवाज माणसाच्या खोकल्यासारखा असतो, ओळखीचा असला की वळून बघावं लागत नाही. ती गाडी माझ्या आतेभावाची होती आणि आतेभाऊ जाऊन तीन महिने होत आले होते. खोटं कशाला बोलू, क्षणभर मला वाटलं तोच आला. मग स्वतःलाच एक शिवी हासडली आणि हात पुसत बाहेर आलो.

कोल्हापुरात, शाहूपुरीत दुकानांच्या मागच्या बोळात माझं पत्र्याचं शेड. मी गाड्यांच्या वायरिंगची कामं करतो. इंजिन, गिअर हे दुसऱ्यांनी बघावं, वायर जिथं जाते तिथं मी जातो. दोन हजार सालानंतर गाड्यांत कॉम्प्युटरचे डबे यायला लागले आणि आमच्यातले निम्मे मिस्त्री पार भंजाळून गेले. दिवा लागला की ‘सेन्सर गेला’ म्हणायचं आणि गिऱ्हाइकाला वाटेला लावायचं. मला त्याची भयंकर चीड यायची. अरे, कुठला सेन्सर, का गेला, काही विचारशील का नाही? बिघाडाला कारण असतं आणि कारण हाताला लागतं, यावर माझा जेवढा विश्वास होता तेवढा दुसऱ्या कशावर नव्हता.

आतेभाऊ माझ्यापेक्षा थोडा मोठा. नव्वदच्या त्या सगळ्या वर्षांत तो कोल्हापूर ते गगनबावडा वडाप मारायचा. वडाप म्हणजे मावतील तेवढी माणसं कोंबायची, न मावतील ती मागं लटकवायची, आणि जीप सोडायची. सुट्टीत मी त्याच्या डाव्या अंगाला, गिअरच्या दांड्याला गुडघे चुकवत बसायचो. पुढं त्यानं वडाप सोडलं आणि चारी चाकं ओढणारी एक मोठी जुनी गाडी घेतली. गगनबावड्याकडच्या वाड्यावस्त्यांवर पावसाळ्यात वाट म्हणून काही उरत नाही, नुसता चिखल. तिथनं अडलेल्या बाया, म्हातारी माणसं, साप चावलेली पोरं तो उचलून आणायचा. डॅशबोर्डवर एक गोल बटण होतं. ते फिरवलं की पुढची चाकंही ओढायला लागायची आणि समोर पिवळा दिवा लागायचा. ‘जीप बटणावर चालती बघ आपली’ म्हणून तो येणाऱ्या-जाणाऱ्याला ते फिरवून दाखवायचा.

आषाढात, आमोशेच्या दिवशी, कोकणातनं घाट चढून येताना त्याच्या छातीत कळ आली. त्यानं गाडी व्यवस्थित कडेला घेतली, हँडब्रेक ओढला, इंडिकेटर लावला आणि त्याच सीटवर गेला. गाडीला साधा ओरखडा नाही.

मागं राहिल्या तिघी. माझी आत्ती, म्हणजे त्याची आई, वैनी, आणि तिसरीतली पोरगी. वैनी माहेरची कागलची. गाडी तिला त्यानंच शिकवलेली, हौसेनं. तो गेल्यावर थोड्याच दिवसांत तिनं स्वतः वर्द्या, म्हणजे भाड्याच्या फेऱ्या, मारायला सुरुवात केली. गावानं तोंडं वाकडी केली, पण पोटात दुखायला लागल्यावर त्याच तोंडांनी तिच्याच दारात हाका मारल्या. अशी ही बाई त्या दिवशी माझ्या दारात उभी होती आणि गाडीकडं पाठ करून बोलत होती.

“भावजी, दिवा लागतोय.”

“कुठला?”

“फोर व्हीलचा. मी बटनाला हात बी लावत न्हाई, तरी लागतोय. आन् लागला की वळणावर स्टेरिंग जड येतंय. पलीकडनं कुणी धरल्यागत.”

स्टिअरिंग का जड येतं ते मी तिला सांगितलं. कोरड्या डांबरावर चारी चाकं एकत्र ओढायला लागली की वळताना पुढची आणि मागची एकमेकांशी भांडतात, गाडी अडते, उडते. चिखलात हे कळत नाही, कारण चाकाला घसरायला जागा असते. घाटात मात्र ते धोक्याचंच.

“ते मला ठावं हाय. त्यांनीच सांगितलेलं. पर बटन न फिरवता कसं?”

“कधी होतंय?”

ती रस्त्याकडं बघायला लागली. “आमोशा झाली की.”

मला हसू आलं. “वैनी, गाडीला पंचांग कळतं व्हय?”

ती हसली नाही. “भावजी, मला एवढंच सांगा. गाडीत फॉल्ट हाय, का ते हायत? फॉल्ट असला तर काढा, मी चालवते. ते असतील तर मी गाडी इकते आन् पोरीला घिऊन कागलला जाते. त्यांचा जीव तिथं अडकवून मी वर्द्या मारणार न्हाई, आन् पोरीला त्या गाडीत बसवणार न्हाई.”

“आन् आत्ती?”

“त्या येत न्हाईत. मी इचारलंय.”

म्हणजे मी जे उत्तर देणार त्यावर आत्ती त्या डोंगरात एकटी राहणार का नाही, हे ठरणार होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वैनीवर नाही, तिच्या कानात हे भरवणाऱ्या गावावर. नवरा मेलेल्या बाईला गाव निदान तिची गाडी तरी सुखानं चालवू देईल का नाही? मी म्हटलं, गाडी ठेवून जा, चार दिवसांत तुझ्या हातात... आणि जीभ चावली, कारण वैनीला मी कधी एकेरी बोलत नसे. ती स्टँडवर जाऊन एसटीनं परत गेली.

आता या दिव्याच्या मागं एक डबा असतो. बटण काय म्हणतंय, चाकं किती पळतायत, हे सगळं त्या डब्याला कळतं, आणि मग तो गाडीच्या पोटातल्या एका मोटरीला सांगतो की पुढची चाकं जोड किंवा सोड. डब्याची एक सोय अशी की दोन ठरावीक पिना तारेनं जोडल्या की तोच दिवा लुकलुकून सांगतो, कुठं दुखतंय. मी तार लावली, दिवा लुकलुकला. त्याचं म्हणणं, बटण फिरवलं होतं. कुणी फिरवलं, ते काही डबा सांगत नाही.

बटण उघडलं, ठणठणीत. मोटर उतरवली, ठणठणीत. एकेक वायर मीटरनं तपासली, वायरींचे जुडगे हलवून बघितले, गाडी वर घेऊन खालनं पाण्याचा फवारा मारला. काही नाही. पन्हाळ्याचा घाट चढून आलो, रंकाळ्याला फेऱ्या मारल्या, वळणावर वळणं घेतली. डॉक्टरच्या दारात गेल्यावर पोराचा ताप उतरावा तशी गाडी शहाण्यासारखी चालली. डबा ड्रायव्हरच्या सीटखाली होता. त्याच्या सॉकेटच्या पिनांवर तेवढा जरासा हिरवट रंग दिसला. गगनबावड्याची गाडी, तिथं फळीवरच्या चपलांनासुद्धा बुरशी येते. दमट हवा, दुसरं काय. पिना स्प्रे मारून स्वच्छ केल्या.

एक सांगतो. त्या फेऱ्या मारताना मी त्याच्या सीटवर बसलो होतो, आणि त्या सीटवर बसायची माझी ती पहिलीच वेळ. आरसा अजून त्याच्या उंचीचा होता, वैनी उशी घेऊन बसायची पण आरसा तिनं हलवला नव्हता. मला मागचा रस्ता दिसायचा नाही, मागच्या काचेचा वरचा कोपरा तेवढा दिसायचा. मी तीनदा हात वर नेला आणि तीनदा खाली घेतला. डावी सीट रिकामी, आणि मी तिकडं बघत होतो की नव्हतो कोण जाणे, पण गाडी जपून चालवत होतो. शेजारी कुणी बसलेलं असताना चालवतो तशी.

गाड्यांचा पत्रा ठोकणारा शेजारचा डेंटर म्हणाला, “पावणं गेलं ते ह्याच गाडीत न्हवं? लिंबू उतरून टाक की.”

“आमच्यात न्हाई चालत,” मी म्हणालो. आम्ही बौद्ध. आजोबांनी छप्पन साली धर्म बदलला, तेव्हापासून आमच्या घरात लिंबू फक्त ताटात. बावीस प्रतिज्ञा आम्हाला पाढ्यांबरोबर पाठ करून घेतल्या होत्या. श्राद्ध नाही, पिंड नाही, कावळ्याला हाका नाहीत. आत्तीचा नवरा, आमचा मामा, गावातल्या विहारात वंदना सांगायचा. आमच्या घरात पौर्णिमा असते, आमोशा नाही.

वैनीला गाडी दिली. म्हटलं, फॉल्टच होता, पिना खराब झालेल्या, काढला. तिनं इतक्या जोरात श्वास सोडला की मला माझाच अभिमान वाटला.

पुढची आमोशा झाली आणि दुसऱ्या दिवशी तिचा फोन. “भावजी, लागला.”

पाऊस संपून किती दिवस झाले होते, थंडी होती, रस्ते कोरडे खडखडीत. दमट हवेचं माझं कारण मातीत गेलं. गाडी परत आली, परत पिना हिरव्या, परत पुसल्या, परत माझ्याकडं असेतोवर दिवा लागला नाही. गेली आणि लागला. माझ्या डोक्याचा भुगा झाला. एका दुपारी भिंतीवरचं कॅलेंडर काढलं आणि वैनीचे फोन कुठल्या दिवशी आले ते आठवत मागं मागं गेलो. प्रत्येक फोन काळ्या गोलाच्या शेजारच्या चौकोनात. ज्याच्या घरात आमोशा नाही तो मी, कॅलेंडरवरच्या काळ्या गोलांवर बोट ठेवत बसलो होतो. घरी गेलो तर बायको म्हणाली, तोंड का असं पांढरं पडलंय? मी तिच्यावर खेकसलो. भीती वाटली की मी खेकसतो, ही माझी जुनी खोड.

कारण मनात ते येऊन बसलं होतं. दिवसा वायरी बघायच्या, आणि रस्त्यानं जाताना विचार करायचा की त्याचं काही सांगायचं राहिलं असेल का? मला सांगायचं असेल का? दिव्यानं सांगितलेलं मला एकट्यालाच वाचता येतं, हे त्याला ठाऊक होतं. मूर्खासारखे विचार. पण विचार मूर्ख आहे हे कळलं म्हणून तो जातो थोडाच.

शेवटी ठरवलं, डबा बघून झाला, आता डबा राहतो ते घर बघायचं. पुढच्या आमोशेच्या आदल्या दिवशी मी गगनबावड्याची एसटी धरली. आत्तीला म्हटलं, सहज आलो. वैनी पोरीला घेऊन कागलला गेली होती. आमोशेला ती आता गाडी बाहेर काढतच नव्हती, तेवढ्यात माहेरी जाऊन यायची. आत्तीनं नाचण्याची भाकरी आणि खरड्याचा गोळा वाढला, माझ्या पोरांची चौकशी केली, आणि माझ्या बॅगेतला मीटर बघून काहीच विचारलं नाही.

सकाळी मला तिच्या पावलांनी जाग आली. धुकं एवढं की दारासमोरचा गोठा दिसत नव्हता. गोठ्याला लागूनच्या छपरात गाडी उभी असायची. मी चूळ भरायला म्हणून बाहेर आलो आणि खांबाआड थांबलो. आत्तीच्या डोक्यावर पदर होता आणि हातात तांब्या. तिनं गाडीचं उजवं दार उघडलं, एका हाताचा पसा केला, दुसऱ्या हातानं त्यात तांब्यातलं पाणी ओतून घेतलं आणि सीटवर सोडलं. बसलेल्या माणसाचं तोंड जिथं असतं तिथनं ते पाणी ती खाली सोडत होती. ओठ हलत होते. तांब्या रिकामा झाल्यावर ती पलीकडनं जाऊन डाव्या सीटवर बसली, वाकली आणि चावी अर्धी फिरवली. रेडिओ ऐकायला म्हणून त्यानं तिला तेवढं शिकवलं होतं. मग ती हात मांडीवर घेऊन बसून राहिली.

थोड्या वेळानं दिवा लागला.

तिच्या तोंडावर तो पिवळा उजेड पडला आणि ती हसली. पोर शाळेतनं घरी आल्यावर आई हसते तेवढंच, जास्त नाही. मी खांब धरला. त्या वेळी मला कुणी विचारलं असतं की सीटवर कोण आहे, तर माझ्याच तोंडून त्याचं नाव आलं असतं.

मग डोक्यात वीज चमकली. सीट. सीटखालचा डबा. सीटचा स्पंज पाणी पिणार, खाली गाळणार, पाणी पिनांच्या मध्ये जाणार आणि डब्याला वाटणार की बटण फिरलं. फॉल्ट सापडला. इतक्या महिन्यांनी सापडला. मला इतका आनंद झाला, की मी कुणाच्या समोर आहे तेच विसरलो आणि ओरडतच छपरात गेलो.

“आत्ती, अगं काय करतीस हे? तूच करतीस व्हय हे सगळं?”

ती दचकली. चोरी पकडल्यासारखा तिनं तांब्या पदराआड घेतला. “तुझ्या मामाच्या तसबिरीम्होरं न्हाई रं केलं मी,” ती म्हणाली. “घरात न्हाई केलं. हितं गाडीत केलं.”

म्हणजे हे असं होतं. घरात भिंतीवर दोन तसबिरी होत्या, मामानं लावलेल्या, आणि त्यांच्यासमोर मेलेल्याला पाणी देणं तिला जमलं नाही. घराची शपथ मोडायची नाही म्हणून ती गाडीत आली होती. दुसऱ्या कुठल्याही घरात हे पाणी तुळशीपाशी पडलं असतं नाहीतर नदीवर, आणि गाडीचा डबा कोरडा राहिला असता.

मी सीट उचलली, डबा बाहेर काढला, हिरव्या पिना तिच्या नाकासमोर धरल्या. “हे बघ. पाणी आत जातंय, म्हणून दिवा लागतोय. दुसरं काय न्हाई.”

“तेच तर म्हणते मी,” आत्ती म्हणाली. “पाणी दिलं की येतोय.”

माझी सटकली. किती साधी गोष्ट, आणि हिच्या डोक्यात शिरत नाही. मी डबा चुलीपुढं नेऊन शेकला, फडक्यानं पिना पुसल्या, परत जोडला, चावी फिरवली. दिवा नाही. “बघितलंस? कोरडा केला, लागला न्हाई.” मग रांजणातनं तांब्या भरून आणला आणि तिच्यादेखत पिनांवर थेंब थेंब पाणी सोडलं. दिवा लागला. “आता बघ. आता कोण आलंय? मी टाकलं पाणी, मी.”

आत्ती दिव्याकडं बघत राहिली. तिचे डोळे भरून आले.

“तुझ्या हातचं बी घेतलं की रं त्यानं,” ती म्हणाली. “लई तहान लागलीया लेकराला.”

मी तांब्या खाली ठेवला. तिथंच चाकाला टेकून बसलो. आणि मग तिनं मला सांगितलं ते घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. घाटात त्याला पहिल्यांदा बघितलं ते एका ट्रकवाल्यानं. तो बिचारा भला माणूस, तिसऱ्या दिवशी घर शोधत आला होता. घरी फक्त आत्ती होती. त्यानं सांगितलं, तुमच्या मुलानं पाणी मागितलं, मी बाटली आणायला माझ्या गाडीकडं पळालो, परत आलो तेवढ्यात संपलं होतं.

“एवढं आभाळ फाटलं हुतं,” आत्ती म्हणाली, “सगळा घाट व्हात हुता. आन् माझ्या पोराच्या तोंडात थेंब न्हाई पडला.”

मी रडलो. तिच्यासमोर रडलो, नाक पुसत, पोरासारखा. ती माझ्या पाठीवरनं हात फिरवत होती, म्हणजे खरं तर उलटं व्हायला हवं होतं.

सावरल्यावर मला सांगावंच लागलं. वैनीला भीती वाटते, वैनी गाडी विकून कागलला निघालीय, हे आत्तीला माहीतच नव्हतं. वैनी कागलचं विचारते ते माहेरची ओढ म्हणून, असं ती समजत होती. “तिला कशाचं भ्या?” ती म्हणाली. “नवरा हाय तिचा.” मग मी घाटातल्या वळणांचं सांगितलं. पुढची चाकं भलत्या वेळी जोडली गेली तर स्टिअरिंग अडतं, आणि मागच्या सीटवर पोरगी असते, आजारी माणसं असतात. हे सांगताना मी डबा, पिना, बटण यातलं काही बोललो नाही. नुसतं म्हटलं, आत्ती, गाडी दरीत जाईल.

म्हैस हंबरली, आत्ती तिला वैरण टाकून आली, परत बसली.

“काढ,” ती म्हणाली. “पोरीच्या जिवावर नको. काढ तुझा तो फॉल्ट.” आणि थोड्या वेळानं, “पाण्याचं सुनेला सांगू नगंस.”

दिवसभर मी ते काम केलं. डबा सीटखालनं काढून डॅशबोर्डच्या आत, वर, पाणी कधी पोचणार नाही अशा जागी बसवला. वायरी वाढवल्या, एकेक सांधा डाग देऊन पक्का केला, वर टेप गुंडाळली. आयुष्यात इतकं नीट काम मी क्वचित केलं असेल आणि ते करताना इतकं वाईट कधीच वाटलं नव्हतं. आत्ती मधूनमधून चहा आणून ठेवायची आणि निघून जायची. उन्हं उतरताना मी चावी फिरवली. ती दारातनं बघत होती. दिवा लागला नाही. तिनं मान हलवली आणि चूल पेटवायला आत गेली.

वैनी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आली. मी सांगितलं, दाराचं रबर फाटलंय, काच धुताना पाणी सीटखाली जात होतं, डबा वर घेतलाय, आता जन्मात लागणार नाही. तिनं आत्तीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. बटण फिरवून बघितलं, दिवा लागला. उलटं फिरवलं, विझला. चांगला आज्ञाधारक दिवा.

सकाळी तिला कोल्हापुरात दवाखान्यातनं एक म्हातारी आणायची होती, म्हणून मी तिच्याबरोबरच निघालो. पोरगी शाळेत गेली. आत्ती रस्त्यापर्यंत आली, माझ्या हातात नाचण्याच्या पिठाची पिशवी दिली आणि वैनीला म्हणाली, सावकाश जावा. मी डाव्या सीटवर बसलो. ड्रायव्हरची सीट वाळली होती.

वैनी छान चालवायची. तंतोतंत त्याच्यासारखी नाही, त्याच्यापेक्षा शांत. धुकं हळूहळू मागं राहिलं, उसाच्या ट्रॉल्या लागल्या, त्यांच्या मागं ती न हॉर्न वाजवता थांबायची. वळणावर स्टिअरिंग लोण्यासारखं फिरत होतं. मी मनातल्या मनात म्हणालो, जमलं बाबा. ही राहणार, आत्ती एकटी पडणार नाही.

“भावजी,” ती म्हणाली, “फॉल्टच हुता न्हवं? नक्की?”

“नक्की. माझ्या डोळ्यांनी बघितला.”

“सगळ्या येळंला? पयल्यापास्नं?”

“पयल्यापास्नं.”

मला वाटलं आता तिला हलकं वाटत असेल. पुढं एक सरळ रस्ता लागला, कुठंच गाडी नाही, आणि तिनं वेग कमी करत करत गाडी कडेला घेतली. हँडब्रेक ओढला. दोन्ही हात स्टिअरिंगवर तसेच होते.

“मला लई भ्या वाटायचं,” ती म्हणाली. “दिवा लागला की घाम फुटायचा. पर मी बोलायची त्यांच्याशी. पोरीनं आज काय केलं, म्हस किती दूध देती. म्होरनं गाडी आली तर म्हणायची, बघताय न्हवं, घेऊ का पलीकडनं. भ्या वाटायचं आन् बोलायची बी.”

ती समोर काचेतनं बघत होती.

“म्हंजे एवढे दिस मी एकटीच चालवत हुते,” ती म्हणाली.

तिला खरं उत्तर द्यायला मी बांधलेला होतो, त्यासाठीच तिनं गाडी माझ्याकडं आणली होती. मी व्हय म्हणालो.